नाताळच्या उपासनेची गाणी ठरवताना

कोल्हापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत यंदा 24 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेची गाणी ठरवायचं काम पाळकसाहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी आधी त्यांच्याकडून त्या रात्री वाचायची बायबलमधली वचनं मागून घेतली: यशया 9, लूक 2, मत्तय 2. गीत वचनाच्या पाठोपाठ यावं, असं मला मनापासून वाटतं. बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचं गीत दानार्पणाला ठेवलं. सोनं, ऊद आणि गंधरस तिथेच शोभतात.

खरा वेळ गेला पट्टी ठरवण्यात. 'सायलेंट नाइट' या नाताळगीताची चाल ऐकायला संथ, पण ती मध्य षड्जापासून (मधल्या सप्तकातल्या सा पासून) पार तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या म पर्यंत) चढते. 1818 मध्ये ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला ती पहिल्यांदा गायली गेली तेव्हा साथीला गिटार होती. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांपासून शब्बाथशाळेच्या (रविवारच्या बायबल-वर्गाच्या) पोरांपर्यंत सगळे गाणार. सरावात सा साठी पांढरी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) धरली, तर एक आजी म्हणाल्या, "पोरा, एवढ्या वरनं धरलंस तर आम्ही गायचं कसं?" त्यांचं बरोबरच होतं. गायकवृंदाला जमतं म्हणून मंडळीनं गप्प बसायचं, ही उपासना नव्हे. सा खाली पांढरी सहावर आणला, तबल्यावर सहा मात्रांचा हलका दादरा. 'जॉय टू द वर्ल्ड' मात्र एकाच सप्तकात फिरतं. पांढरी दोनवर सगळ्यांना झेपलं.

तरुणांना कीबोर्डवरची कॅरल्स हवी होती, वडीलधाऱ्यांना ना. वा. टिळकांची पदं. मी दोन्ही एकमेकांना जोडून घेतली. 'सायलेंट नाइट'चे स्वर बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध. त्याच षड्जावर लगेच भूप रागातलं भजन धरता येतं, कारण भूपाचे पाचही स्वर त्यात आहेतच. कीबोर्डनं सा धरून ठेवायचा, पेटीनं तो उचलायचा, तबला भजनी ठेक्यात शिरायचा. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी गायले, तिथल्या नाताळात भूप हवाच!

पोरांनी हलगीही मागितली. देवळात (आमच्या चर्चमध्ये) तिच्यापुढे शब्द ऐकू येणार नाहीत, म्हणून शेवटचं गीत संपताना दारं उघडायची आणि अंगणात हलगी लावायची, असं ठरलं. थंडीत कातडं उतरतं; शेवटच्या वचनालाच एकानं बाहेर जाऊन ती शेकोटीवर तापवायची, हेही उपासनाक्रमाच्या कागदावर लिहून टाकलं.