चेक देणारे आणि सोबत बसणारे : आमची वाटचाल

कंपनी नावारूपाला आली की बातमीत तिच्यात पैसे गुंतवणाऱ्या फंडाच्या पार्टनरचं नाव येतं. भलत्याच माणसाला सेल्स हेड नेमलं जात असताना कुणी रोखलं, पगाराला पैसे कमी पडणार हे दोन महिने आधी कुणी दाखवलं, हे कुठे छापून येत नाही. आमची छोटी फर्म नेमकं हेच काम करते. आम्ही फायनान्स, विक्री, भरती आणि प्रॉडक्ट कंपन्यांत राहून सांभाळलेली माणसं, म्हणजे ‘ऑपरेटर’. एका व्हेंचर फंडाच्या छताखाली बसतो, पण बसतो फाउंडरच्या बाजूला.

हे काम जुनं असलं तरी त्याची हवा झाली ती २००९ नंतर. आंद्रीसन हॉरोविट्झ या अमेरिकी व्हेंचर फर्मने ३० कोटी डॉलरचा पहिला फंड काढला आणि हॉलिवूडच्या क्रिएटिव्ह आर्टिस्ट्स एजन्सीचा नमुना समोर ठेवून भरती, प्रसिद्धी, ग्राहकांच्या ओळखी यांसाठी वेगळी माणसं नेमली. मग प्रत्येक फंडाला ‘प्लॅटफॉर्म टीम’ हवीशी झाली. पण याचं गणित फार थोडे लोक मांडतात. फंड सांभाळण्याची वर्षाची फी साधारण फंडाच्या रकमेच्या २ टक्के. १०० कोटी डॉलरच्या फंडाला वर्षाला २ कोटी डॉलर मिळतात, ५ कोटींच्या फंडाला १० लाख. त्या १० लाखांत पार्टनरांचे पगार, भाडं, ऑडिट, वकील आणि उरलं तर ऑपरेटर. म्हणून लहान फंडात हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड आमच्यावर पडते.

एका बड्या फंडाच्या टीमने आमच्याच फाउंडरांना पुढच्या राउंडच्या, म्हणजे पैसे उभारण्याच्या फेरीच्या, आधी गाठलं. क्लाउडची क्रेडिट्स, सवलतीचे कूपन, वकिलांची यादी, मोठमोठी संमेलनं. काही जण गेले. जावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण विक्री अडली तेव्हा त्यांच्या हाती यादीच आली, आणि प्रश्न विचारायला फोन आमच्याकडेच. हे सल्ले आम्ही दिले, पैसे घेतले नाहीत, आणि त्याची नोंदही कुणी ठेवली नाही.

खरा घाव बसला तो घरातून. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या फेडने व्याजदर चढवले आणि स्टार्टअपचा पैसा आटला. कुणाला फॉलो-ऑन, म्हणजे पुन्हा पैसे, द्यायचे, कुणाला सोडायचं, हे फंडाला ठरवायचं होतं. तेव्हा एका पार्टनरने आमच्या बैठकांच्या नोंदी इन्व्हेस्टमेंट कमिटीच्या फायलीत लावल्या. एका फाउंडरला ब्रिज, म्हणजे पुढच्या राउंडपर्यंत तगण्यापुरता पैसा, नाकारला गेला, आणि नकाराच्या कारणांत त्याने आम्हाला विश्वासाने सांगितलेलं वाक्य त्याला जसंच्या तसं वाचायला मिळालं. त्यानंतर फाउंडर दर सोमवारी आम्हाला पाठवत ते रोख रकमेचे तक्ते यायचे बंद झाले. आमच्याकडे बोर्डाला दाखवतात तीच गुळगुळीत स्लाइड येऊ लागली. ज्याच्या हातात पुढचा चेक आहे, त्याच्या माणसाला आपली दुखरी जागा कोण दाखवेल? फंड विचारू लागला, तुमचा उपयोग काय. फर्म मोडायची चर्चा कागदावर आली होती.

एका फाउंडरने मात्र तक्ता पाठवणं सोडलं नाही. फर्म टिकली ती तिच्यामुळे, म्हणून तो तक्ता नीट सांगायलाच हवा. तेरा आठवड्यांचे तेरा रकाने. वरच्या ओळीत सुरुवातीची शिल्लक, खाली येणी ग्राहकाच्या नावानिशी, मग पगार, कर, सर्व्हर, भाडं, शेवटी अखेरची शिल्लक. प्रत्येक आठवड्याला अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा. बिघडतं ते तीन ठिकाणी. बिलाची तारीख हीच पैसे येण्याची तारीख धरली जाते. ग्राहक ३० दिवसांच्या बोलीवर ४७ दिवसांनी देत असेल तर ४७च लिहा. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विमा किंवा सॉफ्टवेअरचं नूतनीकरण, विसरले जातात. आणि ग्राहकाकडून गोळा केलेला कर शिलकीत मोजला जातो. तो आपला नव्हेच. तिच्या तक्त्यात नवव्या आठवड्याचा खाना लाल झाला होता. तेवढ्यावरून एका मोठ्या ग्राहकाला थोडी सूट देऊन वर्षाचे पैसे आगाऊ घेता आले. लाल खाना लपवला असता तर तो नऊ आठवड्यांनीच कळला असता.

रनवेचंही, म्हणजे हातातला पैसा किती महिने पुरेल याचंही, तसंच. खात्यात १८०, महिन्याचा निव्वळ खर्च १५, म्हणजे १२ महिने, असं सगळे सांगतात. राउंड उभा करायला सहा महिने धरा. म्हणजे सुरुवात करायला हातात सहाच.

तिनेच अर्ध्या पानाचा करार लिहून आणला आणि बाकीच्या फाउंडरांनी फंडाला त्यावर सही करायला लावली. ऑपरेटरच्या नोंदी वेगळ्या ठिकाणी, फंडाला त्या उघडता येणार नाहीत. ऑपरेटर फॉलो-ऑनच्या बैठकीला बसणार नाही, मत देणार नाही. अपवाद फक्त अफरातफर, थकलेले पगार किंवा थकलेले सरकारी देणे यांचा, आणि तेही आधी फाउंडरला सांगून मगच बोर्डाकडे. पार्टनर कुरकुरले, पण सही झाली. तक्ते परत येऊ लागले. त्यानंतरची वर्षं कामात गेली, त्यांत सांगण्यासारखं फार नाही.

आता फाउंडरांना दोन गोष्टी सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. टर्म शीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर, सही करण्याआधी विचारा की ऑपरेटरच्या तासांचे पैसे कोण देतो. काही फंड हा खर्च कंपनीच्याच माथी मारतात, तेव्हा ‘मदत’ या शब्दाखालची रक्कम वाचा. आणि संदर्भ म्हणून यशस्वी फाउंडरचे नंबर देतील, तर बंद पडलेल्या कंपनीच्या फाउंडरचा नंबर मागून घ्या. शेवटच्या तीन महिन्यांत फोन कोण उचलत होतं, एवढंच विचारा.

विक्रीबद्दलही. पहिले दहा-बारा ग्राहक फाउंडरने स्वतः आणावेत. बड्या कंपनीतून आलेला सेल्स हेड ब्रँडच्या जोरावर विकत असतो. तुमच्याकडे ब्रँड नाही आणि काय बोलल्यावर ग्राहक हो म्हणतो हे लिहिलेलंही नाही. नेमायचेच असतील तर एकाच वेळी दोन साधे विक्रेते घ्या. एकटा अपयशी ठरला तर दोष माणसाचा की मालाचा हे कळत नाही. दोघेही अडखळले तर मालाकडे किंवा किमतीकडे बघा. त्यांना तुमच्या विक्रीच्या एका पूर्ण चक्राइतका वेळ द्या, आणि त्या काळातला त्यांचा पगार तेरा आठवड्यांच्या तक्त्यात पहिल्याच दिवशी घाला.