मुक्ती, मोकळं, सुटका

सप्टेंबर लागला की मराठवाड्यात चौकाचौकात फलक झळकतात, आणि त्यांतल्या कितीतरी फलकांवर ‘मुक्ती संग्राम’ छापलेलं असतं. हा एकच शब्द आहे आणि त्यातला ‘क्ति’ ऱ्हस्व : मुक्तिसंग्राम. मूळ संस्कृतात शेवटी ऱ्हस्व इकार असलेला तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) शब्द सुटा असला की मराठीत तो इकार दीर्घ (मुक्ती, मुक्तीसाठी), समासात शब्द आधी आला की ऱ्हस्व. ‘स्वातंत्र’ ही तशीच सर्रास चूक. ‘स्वतंत्र’चं भाववाचक नाम करणारा ‘य’ गाळला की शब्दच उरत नाही.

मग 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला ‘मुक्ती’च का, ‘स्वातंत्र्य’ का नाही? 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली. स्वातंत्र्य म्हणजे स्वतःचं तंत्र, आपला कारभार आपल्या हाती. मुक्तीला मात्र ‘कशातून?’ हा प्रश्न चिकटलेलाच असतो. इथे त्याचं उत्तर लोकांसमोर लख्ख होतं, म्हणून हा शब्द चपखल बसला.

मुक्तीचा धातू मुच्, म्हणजे सोडणे. मोक्ष, विमोचन हे त्याच घरातले. मुक्त प्राकृतातून घासत आला आणि ‘मोकळा’ झाला. गुरं मोकळी सोडतात, केस मोकळे सोडतात, बाई सुखरूप बाळंत झाली की ‘मोकळी झाली’ म्हणतात.

सुटणे आणि सोडणे ही जोडी वेगळ्या मुळाची. हिंदीत छूटना, छोड़ना. मराठीत छ चा स झाला, जसा छुरीचा सुरी. बाळंतिणीची सुटका होते. अंथरुणाला खिळलेला माणूस गेला की ‘सुटला बिचारा’ असंही आपणच म्हणतो.

या दोन्ही मुळांची गाठ ग्रहणात पडते. पंचांगात ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष अशा वेळा दिलेल्या असतात. पंचांगाने ज्याला मोक्ष म्हटलं, त्यालाच दारोदार आरोळी असायची : ‘दे दान, सुटे गिरान!’ गिरान म्हणजे ग्रहण, पकड. ‘गहाण’ही याच ग्रहणातून आलं, म्हणून गहाण पडलेलं शेत ‘सोडवून’ घ्यायचं असतं.

‘तारण’चं मूळ तृ, तरून जाणे. मराठी ख्रिस्ती लोकांत त्याचा अर्थ पापातून उद्धार. बँकेत मात्र कर्जापोटी ठेवलेला ऐवज. अरबी ‘खलास’चा मूळ अर्थही सुटकाच. मराठीत आल्यावर तो संपण्याचा झाला.