चार मेणखडू

टेबलावर बसल्या बसल्या मुलांपुढे एक छापील कागद येतो. एका बाजूला त्यांचा मेन्यू, दुसऱ्या बाजूला भुलभुलैया: कासवाला घरी पोचवा. सोबत कागदी वेष्टनात चार मेणखडू. लाल, निळा, हिरवा, पिवळा. पिवळा नसला तरी चालतं. पांढऱ्या कागदावर तो उमटत नाही, म्हणून शेवटपर्यंत टोकदार राहतो.

फ्लॉरिडातल्या ऑरलँडोत डिस्ने, युनिव्हर्सल यांच्या थीम पार्कबाहेर मुलांना घेऊन जेवायची जागा शोधताना लोक परीक्षणांतले तारे मोजतात, ताटांचे फोटो मोठे करून बघतात. माझी मोजपट्टी हे खडू. पाण्याच्या ग्लासांबरोबर आले तर जागा मुलांची. ऑर्डर घेताना आले तर ठीक. मागावे लागले तर समजावं की इथे मुलं चालतात, आवडत नाहीत. आता हे कळतं टेबलावर बसल्यावर, म्हणजे या मोजपट्टीचा निवड करताना उपयोग शून्य. असू दे.

खडू समोर येईपर्यंतची कथा सगळी गाडीभोवती फिरते. गाडी कुठे लावली आहे ते आधी बघायचं, पदार्थ नंतर. डिस्नेचं मॅजिक किंगडम हे पार्क १९७१ साली उघडलं, तेव्हापासून पार्किंग आणि पार्कचा दरवाजा यांच्यामध्ये एक मोठा तलाव आहे, सेव्हन सीज लगून. सकाळी बोटीतून तो ओलांडताना मजा येते. संध्याकाळी भुकेलं पोर कडेवर घेऊन तोच ओलांडायचा असतो: आधी फेरीबोट किंवा मोनोरेलची रांग, मग पार्किंगची ट्रॅम, तिच्यासाठी बाबागाडीची घडी, आणि मग सकाळी गाडी जाफरमध्ये लावली होती की हूकमध्ये यावर नवराबायकोची चर्चा. (पार्किंगच्या अर्ध्या भागाला नायकांची नावं आहेत आणि अर्ध्याला खलनायकांची. ओळीचा नंबर कुणीच लिहून ठेवत नाही.) मेन स्ट्रीट या पार्कातल्या दाराजवळच्या रस्त्यापासून स्टिअरिंगपर्यंत पाऊण तास धरावा, आतषबाजीनंतर तास. त्यात रस्त्याची वीस मिनिटं आणि रेस्टॉरंटशी गाडी लावायची दहा मिनिटं मिळवली, की सहाचं टेबल असलेल्या कुटुंबाने पावणेपाचला पार्क सोडायला हवं. सोडत कुणीच नाही. पावणेपाचला कुठल्या तरी राइडच्या पाटीवर ‘४० मिनिटं’ लिहिलेलं असतं, आणि चाळीस मिनिटं म्हणजे फार नाही असं सगळ्यांना एकदम वाटतं.

म्हणून मॅजिक किंगडमच्या दिवशी गाडीपर्यंत पोचायच्या आतच जेवून घेणं शहाणपणाचं. कंटेम्पररी हे हॉटेल दरवाज्यापासून पायी दहा मिनिटांवर आहे. पॉलिनेशियन त्याहून सोयीचं, कारण ते पार्किंगच्या जवळच्या बाजूला आहे: मोनोरेलने तिथे उतरायचं, जेवायचं आणि गाडीकडे चालत जायचं. या हॉटेलांत जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही, राहणारे पाहुणेही असावं लागत नाही. मात्र टेबल आधीच घ्यावं लागतं. डिस्नेची टेबलं ६० दिवस आधी खुली होतात आणि सहा-साडेसहाची वेळ सगळ्यात आधी संपते. न कळवता गेलाच नाहीत तर बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापतात. वयाचा हिशेबही तिथलाच: तीन ते नऊ म्हणजे मूल, दहा पूर्ण म्हणजे मोठा माणूस. दहाव्या वाढदिवसानंतर आठवड्याभराने बुफेला नेलेलं लेकरू दोन चमचे मॅकरोनी खातं आणि पैसे मोठ्या माणसाचे पडतात.

डिस्नेच्याच एपकॉट या पार्कला दोन दरवाजे आहेत, आणि तिथली फसगत वेगळी. मागच्या दरवाज्यातून, फ्रान्स आणि ब्रिटन या देशांच्या नावाने उभारलेल्या मंडपांच्या मधून, बाहेर पडलं की बोर्डवॉक पाचसात मिनिटांवर. तळ्याकाठी फळ्यांचा रस्ता, मुलांना पळायला जागा, जेवायला चारदोन पर्याय. छान. पण गाडी असते पुढच्या दरवाज्याशी. जेवता जेवता पार्क बंद झालं तर आतून चालत जाता येत नाही, आणि मग भरल्या पोटी मोठा वळसा. त्यामुळे बोर्डवॉकला जेवायचं तर लवकर, नाहीतर गाडी न आणता.

युनिव्हर्सलला हा प्रश्नच येत नाही. स्टुडिओज आणि आयलंड्स या दोन्ही पार्कांतून पार्किंगकडे जाणारा रस्ता सिटीवॉक या दुकानांच्या आणि रेस्टॉरंटांच्या पट्ट्यातूनच जातो. जेवण वाटेत उभं असतं. २०२५ साली उघडलेलं एपिक युनिव्हर्स मात्र काही मैल दूर, वेगळ्याच जागी आहे. तिथून निघून ‘सिटीवॉकला जाऊ’ म्हणणाऱ्याने नकाशा पाहिलेला नसतो.

आणि मग आय-४. हा महामार्ग ऑरलँडोचा कणा म्हणतात. संध्याकाळी चार ते सात तो आखडलेला असतो. एक गोष्ट मात्र सोपी: फ्लॉरिडात एक्झिटचे नंबर मैलांप्रमाणे आहेत. डिस्नेच्या बाजूला लेक ब्यूना व्हिस्टाची एक्झिट ६८, सँड लेक रोडची ७४. वजाबाकी केली की सहा मैल. सकाळी दहा मिनिटं, साडेपाचला कितीही. सँड लेकच्या पश्चिमेकडच्या भागाला रेस्टॉरंट रो म्हणतात. नाव खोटं नाही, पण डिस्नेहून तिथे जायचं तर महामार्गावर न चढता पाम पार्कवे धरावा. तोच पुढे टर्की लेक रोड होतो आणि सँड लेकला नेऊन सोडतो. सिग्नल लागतात, पण गाडी हलत राहते. मागच्या सीटवरच्या माणसांना हलती गाडी आणि थांबलेली गाडी यांतला फरक फार चांगला कळतो.

शेजारच्या किसिमी गावाकडे राहणाऱ्यांसाठी हायवे १९२. तिथे रस्त्याकडेला नंबर लिहिलेले खांब आहेत आणि हॉटेलवाले पत्ता सांगताना ‘अमुक आणि तमुक खांबाच्या मध्ये’ असं सांगतात. बुफे स्वस्त, पाट्या प्रचंड, पण डावीकडे वळायला मिळेलच असं नाही. आपली जागा आपल्याच बाजूला आहे का, हे निघण्याआधी बघावं.

डिस्ने स्प्रिंग्ज या डिस्नेच्या खाण्या-खरेदीच्या बाजाराबद्दल दोनच गोष्टी. पार्किंग फुकट आहे, पार्किंगच्या इमारतींत प्रत्येक जागेवर दिवा असतो, हिरवा म्हणजे मोकळी. टेबल मार्केटप्लेसच्या टोकाला असेल तर लाइम नावाच्या इमारतीत गाडी लावावी, वेस्ट साइडला असेल तर ऑरेंजमध्ये. उलटं केलं तर जेवणाआधी सगळा बाजार पायाखालून जातो, आणि बाजार खेळण्यांचा आहे. दुसरी गोष्ट आवाजाची. टी-रेक्स या डायनासोरांच्या रेस्टॉरंटसारख्या जागांत काही काही वेळाने नकली उल्कापात होतो, दिवे लालभडक होतात, डायनासोर ओरडतात. सात वर्षांच्या मुलाला याहून भारी जागा नाही. दोन वर्षांचं मूल, दिवसभर ऊन खाल्लेलं, दुपारची झोप बाबागाडीत अर्धवट झालेलं, पहिल्याच उल्केला टेबलाखाली जातं आणि तिथेच राहतं. पार्कमध्ये दहा तास काढलेल्या मुलाला संध्याकाळी आणखी करमणूक लागत नाही. त्याला भिंत लागते. बूथ मागावा, म्हणजे तीन बाजूंनी बंद सोफा, आणि मुलाला भिंतीच्या बाजूला बसवावं. टेबल-खुर्चीपेक्षा बूथसाठी दहा मिनिटं जास्त थांबावं लागलं तरी थांबावं. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

वेळेचं काय? पाच. फार तर सव्वापाच. जून ते सप्टेंबर तिथे दुपारी आभाळ भरून येतं, विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, आणि प्लास्टिकचे रेनकोट घातलेली हजारो माणसं एकाच क्षणी फोन काढून जेवायला जागा शोधू लागतात. त्यांच्या आधी बसलेलं बरं. बऱ्याच रेस्टॉरंटांचं स्वयंपाकघर दुपारभर चालू असतं, चारपाचच्या मध्ये बंद होत नाही, त्यामुळे लवकर जाण्यात अडचण नाही. डिस्नेच्या पार्कांत बाहेरचं खाणं नेता येतं (काचेची बाटली आणि दारू सोडून), म्हणून चारच्या भुकेला पिशवीत काहीतरी असावं. पण सफरचंदाच्या फोडी, बिस्किटाचा अख्खा पुडा नव्हे. नाहीतर पाचला कागद रंगवला जातो आणि ताट तसंच राहतं.

मुलांचं जेवण आधी मागवावं का, यावर दोन पंथ आहेत. लग्नाच्या मांडवात पोरांची पंगत आधी बसवायचे ते उगीच नाही, हा पहिला पंथ. पण तिथे जेवलेली पोरं मांडवभर पळायला मोकळी असायची. इथे त्यांचं ताट आधी आलं तर तुमचं येईपर्यंत त्यांचं संपतं, आणि मग तुमचं गरम जेवण एकेकाने आळीपाळीने, दुसऱ्याने पोराला दारापाशी माशांची टाकी दाखवत. मधला मार्ग बरा: पेयांच्या ऑर्डरबरोबरच फळं किंवा ब्रेड मागवायचा आणि मुख्य ताटं सगळ्यांची एकदम. शाकाहारी असाल तर त्याच वेळी विचारून घ्यावं. भातात चिकनचं पाणी असू शकतं, मेक्सिकन घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासे असतात. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढंच विचारलं तर उत्तर बहुतेक ‘हो’ येतं. पदार्थाचं नाव घेऊन विचारावं.

एवढं सगळं सांभाळून एखाद्या संध्याकाळी लांब जायचंच असेल तर अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलात जावं. नावाने फसू नये, त्या नावाचं पार्क वेगळं आणि लॉज वेगळं. पार्कमधून तिथे चालत जाता येत नाही, बस किंवा गाडी. लॉजच्याही दोन इमारती. बोमाचा बुफे जांबो हाउसमध्ये, सना हे रेस्टॉरंट किडानी व्हिलेजमध्ये, आणि रोज कुणी ना कुणी चुकीच्या इमारतीत उतरून घड्याळ बघत असतं. सनाच्या मोठ्या खिडक्यांबाहेर गवताळ माळ आहे आणि त्यावर जिराफ, झेब्रे हिंडतात. तिथे नान आणि बाकीच्या पोळ्यांसोबत नऊ वाट्यांचं एक ताट मिळतं, चटण्या, लोणचं, कोशिंबिरीसारखं काहीबाही. चार जणांत एक ताट मधे ठेवलं की मुलं बोटं बुडवत राहतात आणि कुणी कुणाला ‘नीट खा’ म्हणत नाही. पण जनावरं बघायची तर उजेड हवा. डिसेंबरात ऑरलँडोत साडेपाचला सूर्य मावळतो, जूनच्या शेवटी साडेआठच्या जरा आधी. हिवाळ्यात सातचं टेबल घेतलं तर त्या भव्य खिडकीत फक्त आपलंच कुटुंब दिसतं. खिडकीजवळचं टेबल मिळेलच असं नसतं, त्यामुळे जेवण झाल्यावर बाहेरच्या कठड्याशी दहा मिनिटं ठेवावीत. जिराफाचं जेवण उभ्याने, सावकाश चालतं. त्याला कुणी बिल आणून देत नाही.

बिलाबद्दल. मेन्यूवरच्या किमतीत कर नसतो. डिस्ने ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिथे साडेसहा टक्के, किसिमीच्या ऑसिओला काउंटीत साडेसात. वर टिप अठरा ते वीस टक्के. म्हणजे ऐंशी डॉलरचं जेवण ऑरेंजमध्ये वीस टक्के टिप धरून १०१ डॉलर २० सेंटांना पडतं. सहा किंवा जास्त माणसं असली की डिस्ने अठरा टक्के आपणच लावतं, आणि तरी खाली टिपची रिकामी ओळ असतेच. आजीआजोबांना घेऊन गेलेला माणूस ती ओळ सवयीने भरतो. बिल आलं की आधी ‘ग्रॅच्युइटी’ (म्हणजे टिपच) हा शब्द शोधावा.

आतषबाजीनंतर मात्र कुठेच बसू नये. दहाच्या पुढे मूल जेवत नाही, ते फक्त टेबलापर्यंत येतं. त्या रात्रीसाठी सकाळीच पब्लिक्स या सुपरमार्केटमधून सँडविचं आणून खोलीच्या फ्रिजमध्ये ठेवावीत. कुणी खाल्ली तर खाल्ली.

खडूंचं राहिलं. कासव अर्ध्या वाटेत असतं तेव्हाच मूल झोपतं, आणि कुणीतरी हळव्या मनाने ते खडू खिशात किंवा कारसीटच्या कप्प्यात टाकतं. टाकू नयेत. मेणाचा खडू पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास पातळ होतो, आणि फ्लॉरिडाच्या उन्हात पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी तिथवर सहज जाते. भाड्याच्या गाडीची सीट असेल तर घासू नये, घासलं की डाग पसरतो. हॉटेलच्या यंत्रातून पिशवीभर बर्फ आणून दहा मिनिटं दाबून धरावा, मेण कडक झालं की खोलीच्या कार्डाने खरवडावं. निघतं बऱ्यापैकी. सापडतात ते लाल, निळा, हिरवा. पिवळा कुठे जातो कोण जाणे.