वॉल्टचं घड्याळ

ते घड्याळ काही डोक्यातून जात नाहीये.

'ब्रेकिंग बॅड' मालिकेच्या शेवटच्या भागात, 'फेलिना'मध्ये, वॉल्ट (कॅन्सर झाल्यावर ड्रग्ज बनवायला लागलेला रसायनशास्त्राचा शिक्षक) पेट्रोल पंपावरच्या पब्लिक फोनवरून पत्रकार असल्याची थाप मारून ग्रेचेन-इलियट या जुन्या भागीदारांचा पत्ता काढतो, मग मनगटावरचं घड्याळ सोडतो, फोनच्या डबड्यावर ठेवतो आणि जातो. बस, एवढंच. पण शेवटचा भाग म्हटला की मला आधी हेच आठवतं, मशीनगन नंतर. धंद्यातला साथीदार जेसीने एक्कावन्नाव्या वाढदिवसाला दिलेलं टॅग ह्यूअर. त्या वाढदिवसाच्या भागाचा शेवटही त्याच घड्याळाच्या टिकटिकीवर होतो, आणि जरा आधीच त्याच्या बायकोने, स्कायलरने, सांगितलेलं असतं की ती कॅन्सर परत यायची वाट बघतेय. म्हणजे जेसीचा हिशेब मिटला आणि वेळही संपली, दोन्ही एका हालचालीत. हे मी कितीजणांना समजावून सांगितलं असेल. तेही हातवारे करून.

आणि दादा म्हणतो, "अगं, ती कंटिन्युइटीची डागडुजी आहे. एवढं काय त्यात?"

तो म्हणतो ते खरं आहे, हीच तर पंचाईत. पाचव्या सीझनचा पहिला भाग जुलै 2012चा. सुरुवातीलाच दाढीवाला वॉल्ट डेनीज नावाच्या हॉटेलात बसून बेकनचे तुकडे मोडून 52 आकडा मांडतो, बावन्नावा वाढदिवस म्हणून. हे दृश्य जवळजवळ वर्षभर पुढचं. त्यात मनगट रिकामं, कारण घड्याळ येतं चौथ्या भागात. डेनीजचं शूटिंग झालं तेव्हा ते कथेतच नव्हतं. पुढे जेसीने ते दिलं, वॉल्ट ते वापरायला लागला, आणि सप्टेंबर 2013मध्ये कथा फिरून त्याच डेनीजच्या टेबलापाशी आली. आता मनगटावर घड्याळ आहे आणि आधीच दाखवून झालेल्या चित्रात नाही. मग ते कुठेतरी उतरवायला हवं. मालिकेचा कर्ता विन्स गिलिगनने हे नंतर स्वतःच सांगितलं. कलात्मक अर्थही सांगितला, पण जरा थट्टेनेच.

ती थट्टाच लागली बहुतेक. मी ज्याच्यावर जीव टाकला ते ठिगळ निघालं, आणि लावणारा त्यावर हसतोय. बाकी दादा आणखी काय काय म्हणाला ते इथे नको.

पुढचं दाखवून ठेवलं की लेखकांवर उधारी चढते, हे काही मला नवीन नाही. त्याच डेनीजबाहेर गाडीच्या डिकीत एम-60 मशीनगन आहे. ती कशासाठी, हे लिहिणाऱ्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. वर्षभराने त्यांनी ती रिमोटवर डावी-उजवीकडे फिरणाऱ्या सांगाड्यावर बसवली आणि उधारी फेडली. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं. मग घड्याळानेच काय घोडं मारलंय?

दुसऱ्या सीझनमध्ये वॉल्टच्या स्विमिंग पूलमध्ये तरंगणारा, विमान अपघातातला गुलाबी टेडी वेगळा. तिथे शेवट आधी ठरला होता. पहिल्या, चौथ्या, दहाव्या आणि तेराव्या भागांची नावं ओळीने लावा: सेव्हन थर्टी-सेव्हन, डाऊन, ओव्हर, एबीक्यू (म्हणजे अल्बुकर्की शहर). विमान कुठे पडणार ते सांगून टाकलेलं आहे. पण खरं बोलायचं तर तो टेडी मला नेहमीच थोडा जास्त हुशार वाटत आलाय. आणि त्याच तेराव्या भागात माईक येतो, तो का? तर वॉल्टचा वकील सॉल याचं काम करणारा नट ओडेनकर्क दुसऱ्या मालिकेच्या तारखांत अडकला होता, जेसीची मैत्रीण जेन मेल्यावर त्याच्या घरातलं निस्तरायला कोणीतरी हवं होतं. आखलेल्या विमानापेक्षा तारखांच्या घोळातून आलेला माईक मला हजारपट जवळचा. हे दादाला सांगायला हवं होतं. ऐन वेळी सुचत नाही.

तसंच इग्नासिओचं. 2009मध्ये वाळवंटात गुडघ्यांवर बसवलेला सॉल ओरडतो, मी नाही, इग्नासिओने केलं, आणि विचारतो, लालोने नाही ना पाठवलं? तेव्हा ही नुसती दोन नावं होती. 2015मध्ये 'बेटर कॉल सॉल' या सॉलवरच्या मालिकेत नाचो (म्हणजेच इग्नासिओ) आला, 2018मध्ये लालो, आणि 2022पर्यंत त्या एका घाबरट ओळीखाली पुरी मालिका उभी राहिली. आता तो जुना भाग लावला की ती ओळ ऐकताना पोटात गोळा येतो. हा अर्थ आधी होता का? अजिबात नव्हता. म्हणून आता नाही असं कसं म्हणणार?

वाद घालणारे इथेच दोन टोकांना जातात. एकाला सगळंच योजलेलं दिसतं, दुसऱ्याला सगळा योगायोग. वॉल्ट ज्याला मारतो त्याची सवय उचलतो, हेच घ्या. तळघरात कोंडलेल्या क्रेझी-8साठी पावाच्या कडा कापल्या, पुढे स्वतःच्या सँडविचच्याही कापतो. ड्रग्जचा बडा व्यापारी गसने विषारी टकिला ओकायच्या आधी संडासापुढे टॉवेल अंथरला, 'ब्लड मनी'त वॉल्टही अंथरतो. टॉवेल मी मानते. कारण ओकणाऱ्या माणसाने टॉवेल अंथरायची कथेला काहीच गरज नाही. कोणीतरी मुद्दाम लिहिल्याशिवाय तो तिथे येत नाही. गरज नसताना केलेलं काय आहे, ते बघायचं.

आणि हाच निकष घड्याळाला लावला तर? मनगट रिकामं करणं भाग होतं, कबूल. पण शेवटून दुसऱ्या भागात, 'ग्रॅनाइट स्टेट'मध्ये, केबिनमध्ये लपलेला वॉल्ट इतका वाळलाय की लग्नाची अंगठी बोटातून गळते आणि तो ती दोरीत ओवून गळ्यात घालतो. घड्याळही तसंच सैल होऊन केबिनमध्ये राहिलं असतं; एका शॉटमध्ये काम झालं असतं, कुणी विचारलंही नसतं. तसं न करता अंगठी ठेवली आणि जेसीचं घड्याळ हाताने सोडायला लावलं. मजबुरी उतरवण्याची होती. कसं उतरवायचं, ते त्यांनी निवडलं.

दादा यावरही काहीतरी काढेलच. बहुतेक माईकच्या नातीला, कायलीला काढेल. 'बेटर कॉल सॉल'च्या कथेत 2002मध्ये आजोबांच्या कडेखांद्यावरची नात आठ वर्षांनीही जेमतेम दहाची, मधल्या मधे काम करणाऱ्या मुली बदललेल्या. त्यावर कुठल्या गुणी लेखकाने काही इलाज केलेला नाही, आणि माझ्याकडेही नाही. तो विषय निघाला की मी चहा टाकायला उठणार आहे.