बर्लिन : बरणीतला पिवळा फडका

कॉलेजात असताना ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी वाचली, आणि तेव्हापासून जुलमी राज्य म्हटलं की मला त्यातला भिंतीवरचा टेलिस्क्रीन, म्हणजे माणसांवर नजर ठेवणारा पडदा, आणि सगळीकडे पाहणारा हुकूमशहा बिग ब्रदरच आठवायचा. म्हणून बर्लिनला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी यू-बानने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, मागदालेनेनश्ट्रासेला गेले. स्टेशनपासून चार पावलांवर श्टाझीचं, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, जुनं मुख्यालय आहे. आता तिथे संग्रहालय आहे.

एरिख मील्के १९५७ पासून १९८९ पर्यंत या खात्याचा मंत्री होता. त्याचं दालन जसंच्या तसं ठेवलंय. लाकडी भिंती, टेबल, फोन. सकाळची न्याहारी टेबलावर कशी मांडायची, याचं सेक्रेटरीने काढून ठेवलेलं चित्रही तिथे आहे. माणसांची आयुष्यं उद्ध्वस्त करणारे हुकूम अशा साध्यासुध्या ऑफिसातून निघत होते, हे पचायला मला वेळ लागला.

आणि मग ती बरणी दिसली. लोणच्याची असावी तशी काचेची, घट्ट झाकणाची, आत पिवळा फडका. चौकशीला बोलावलेल्या माणसाच्या खुर्चीवर असा फडका घालून ठेवायचे. माणूस उठून गेला की फडका बरणीत. पुढेमागे एखादं सरकारविरोधी पत्रक सापडलं, तर वास कुणाशी जुळतो हे कुत्र्याकडून ओळखून घ्यायचं! मी त्या काचेपुढे बराच वेळ उभी होते. माणसाचा वाससुद्धा सरकारजमा करावा, हे कादंबरीत कुठे वाचल्याचं मला आठवेना.

पुस्तकातल्या विन्स्टनचं काम जुन्या बातम्या बदलण्याचं. मूळ कागद भट्टीत जातो, भूतकाळ पुसला जातो. इथे नेमकं उलटं. श्टाझीने काहीच पुसलं नाही, सगळं जपलं. उरलेलं दप्तर शेजारी शेजारी उभं केलं तर सुमारे १११ किलोमीटर भरतं. शेवटी १९८९ च्या हिवाळ्यात राजवट कोसळू लागली आणि दप्तर नष्ट करायची वेळ आली, तेव्हा यंत्रं पुरी पडेनात, म्हणून कर्मचारी हातांनी कागद फाडत बसले. १५ जानेवारी १९९० ला लोक या आवारात घुसले. तुकड्यांनी भरलेली सुमारे १६ हजार पोती मागे राहिली, आणि ते तुकडे जुळवायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं.

कादंबरीतही शेजाऱ्याची लहान मुलगी बापाला पकडून देते. पण तिथे मुख्य भीती यंत्राची. इथे पडद्याची गरजच नव्हती. सुमारे १ कोटी ६० लाखांच्या देशात पगारी माणसं ९१ हजार, आणि त्याहून दुप्पट खबरे: सहकारी, मित्र, घरातलंच कुणी. शांतता चळवळीतल्या व्हेरा लेंग्सफेल्ड यांना नंतर कळलं, की ‘डोनाल्ड’ या टोपणनावाने त्यांच्याबद्दल कळवणारा त्यांचा नवराच होता. छळसुद्धा कादंबरीतल्या उंदरांच्या पिंजऱ्यासारखा नव्हता. १९७६ च्या आदेशात त्याला ‘विघटन’ म्हटलंय. घरात कुणी नसताना शिरून वस्तू जागच्या हलवायच्या, नोकरीत अपयश यावं अशी तजवीज करायची, खोट्या वावड्या उठवायच्या. माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो. मला वाटतं, याहून क्रूर काही लिहायला लेखकाचाही हात धजला नसता.

दुसऱ्या दिवशी श्टाझीचा होएनशोएनहाउझेनचा तुरुंग पाहिला. शहराच्या नकाशावर तेव्हा ही जागा कोरी दाखवत. आम्हाला फिरवणारे वयस्क गृहस्थ इथलेच माजी कैदी होते. दोन कैद्यांची गाठ पडू नये म्हणून बोळांत लावलेले लाल दिवे त्यांनी दाखवले.

१९९२ पासून लोकांना आपली फाइल वाचता येते. यांनीही वाचली. त्यात खबऱ्यांची तीन टोपणनावं होती. अर्ज केला की खरी नावं कळतात. दोन त्यांनी मागवली.

“ती दोन वाचल्यावर तिसरं मागवायची हिंमत झाली नाही,” असं म्हणून त्यांनी पुढच्या कोठडीचा अडसर ओढला.