शेतात रेंज नसताना चालणारे अ‍ॅप

आमच्या राळेगाव तालुक्यातल्या गावात मोबाईलची रेंज ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येते, घराच्या गच्चीवर येते आणि शेताच्या अर्ध्या वाटेत संपते. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर उपयोगी अ‍ॅपच्या ज्या याद्या फिरत असतात, त्यातले निम्मे अ‍ॅप शेतात उघडले की नुसतं चाक फिरत राहतं. मागच्या खरिपात पेरण्या आटोपल्यावर मी फोन साफ करायला घेतला. 32 जीबीचा फोन, तोही सुप्रभातच्या फोटोंनी भरलेला. कसोटी एकच ठरवली: घरीच एअरप्लेन मोड लावायचा आणि अ‍ॅप उघडायचं. काम झालं तर ठेवायचं, नाही झालं तर त्याची खरंच गरज आहे का ते पाहायचं.

सगळ्यात आधी पास झालं ते फोनातलं घड्याळ. हसू नका. आमच्या फीडरवर शेतीपंपाची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. चना-गव्हाच्या ओलितात मोटर ऑटो स्टार्टरनं सुरू होते हो, पण पाणी या सरीतून त्या सरीत वळवायला माणूसच लागतो. आता रात्रपाळीच्या आठवड्याचे आणि दिवसपाळीचे असे वेगळे अलार्म करून ठेवले आहेत, प्रत्येकाला नाव दिलं आहे, आठवडा बदलला की एक बंद करून दुसरा सुरू. बाबा पहिल्या दिवशी ओरडले, "रात्री मले कायले उठवते हा फोन?" दुसऱ्या रात्री तेच टॉर्च घेऊन माझ्या आधी तयार होते.

मग कापूस वेचणीचा हिशेब. गूगल शीट्समध्ये फाइल उघडून तिला ऑफलाइन ठेवण्याची खूण केली की ती रेंजशिवाय उघडते, भरता येते, आणि नेट मिळालं की आपोआप जुळते. डाव्या बाजूला बायांची नावं, वर तारखा, मधे किलो. बेरीज आणि भावाचा गुणाकार एकदाच लावून दिला. चुकाऱ्याच्या दिवशी आधी तासभर जायचा तो वाचला. तरी बायकोची वही बंद केली नाही. ज्या बाईनं दिवसभर वाकून कापूस वेचला तिला स्वतःच्या नावापुढचा आकडा स्वतः पाहता आला पाहिजे, आणि तो माझ्या हातातल्या काचेवर नाही, वहीत दिसतो. बेरजेसाठी शीट, भरवशासाठी वही.

सगळ्यात जास्त वेळ गेला ई-पीक पाहणीत. राज्य सरकारनं 15 ऑगस्ट 2021 पासून हे सुरू केलं: आपल्या शेतात काय उभं आहे याची सातबाऱ्यावरची नोंद शेतकऱ्यानं स्वतः, पिकाचा फोटो काढून करायची. गावात अजून पुष्कळ जण ते पोरांवर किंवा दुसऱ्या कोणावर सोपवतात. मी स्वतः करायचं ठरवलं आणि कामाचे दोन भाग पाडले. जिल्हा, तालुका, गाव निवडणं, खातेदाराचं नाव शोधणं, मोबाईलवर येणारा सांकेतांक टाकणं, हे सगळं गच्चीवर, रेंजमध्ये. गट क्रमांक आणि क्षेत्र कागदावर उतरवून घेतलं, कारण वावरात उन्हात स्क्रीनवर आकडे शोधणं म्हणजे शिक्षा. मग फक्त फोटो आणि ठिकाण घ्यायला शेतात.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, ते आपलं ठिकाण थेट उपग्रहांच्या संकेतांवरून काढतं. मात्र नेट नसेल तर पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो. म्हणून बोरी-बाभळीच्या सावलीत न थांबता धुऱ्यापासून आत, मोकळ्या आभाळाखाली थोडा वेळ उभं राहायचं आणि मगच फोटो काढायचा. आमच्या वावरात कपाशीत तुरीची तासं, म्हणजे ओळी, असतात, तेव्हा एकच पीक न दाखवता मिश्र पीक निवडून दोन्हीचं क्षेत्र वेगवेगळं भरलं. तुरीचं क्षेत्र किती धरायचं यावर बाबांशी बांधावरच वाद झाला. शेवटी तासं मोजली. नोंद फोनातच साठली आणि गच्चीवर आल्यावर अपलोड केली. ती गेल्याचं दिसेपर्यंत अ‍ॅप काढून टाकू नका, फोन रिकामा करायचा उत्साह तेवढा आवरा.

हवामानाच्या अ‍ॅपचं उलटं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' आपल्या जागेपासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडत असल्याचं सांगतं. फार चांगली सोय आहे, पण ते कळायला नेट पाहिजे, आणि ढग भरून येतात तेव्हा मी असतो बिनरेंजच्या वावरात. म्हणून निघताना गच्चीवर पाहून घेतो, आणि गडगडलं की अ‍ॅपची वाट न पाहता झाडाखालून निघतो. 'मेघदूत' या अ‍ॅपवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत येतो. फवारणी दोन दिवस पुढं ढकलायची की नाही एवढं ठरवायला तो पुरतो.

फिटनेसचं अ‍ॅप पुतण्यानं टाकून दिलं. पावलं मोजायला नेट लागत नाही, फोनातला हालचाल ओळखणारा सेन्सर ते करतो. डवरणीच्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधून डवरा हाकायच्या, दिवशी खिशातल्या फोननं एवढी पावलं दाखवली की पुतण्या म्हणे, "काका, तुमी तं मॅरेथॉनले जा." बायकोचा फोन मात्र वेचणीभर धुऱ्यावर पिशवीत राहतो, लुगड्याला खिसा कुठला? दिवसभर वाकून, पाठ मोडेस्तोवर राबलेल्या बाईला संध्याकाळी अ‍ॅप सांगतं की आज जरा चाला. रोज 10,000 पावलांचा आकडाही काही डॉक्टरांच्या प्रयोगशाळेतून आलेला नाही, 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो डवऱ्यामागं सहज होतो. आम्हाला गरज आहे ती पाठ सरळ करायची. म्हणून पावलांचं अ‍ॅप काढलं आणि कमरेच्या चार सोप्या आसनांचा एक व्हिडिओ उतरवून ठेवला. तो आता तिच्याच फोनात जास्त चालतो.

वाचनाबद्दल थोडक्यात. लेखक जाऊन 60 वर्षं उलटली की आपल्याकडे पुस्तकावरचा हक्क संपतो, अशी बरीच जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोत या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट मिळतात. गच्चीवर उतरवायची, अक्षर मोठं करायचं आणि रात्री लाइनची वाट पाहत वाचायची. रील्सना फोनाच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमधून वेळेची मर्यादा लावली, नाही तर वाचन होतच नाही.

एक मात्र कडक नियम केला: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे थेट अ‍ॅप बसवणारी फाइल, उघडायची नाही, मग ती पीएम किसानच्या नावानं का असेना. त्या नावानं बनावट फाइली फिरतात आणि त्या बँकेचे ओटीपी वाचतात. गावात कोणाचे पैसे गेलेच तर तासाच्या आत सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन लावायचा, हा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून घेतला.

एवढं करून फोनात जागा उरली ती कापसासाठी. भारतीय कापूस निगमनं 2025 च्या हंगामापासून हमीभावानं विकायला 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी ठेवली, त्या हंगामात लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल होते. तिथं सातबाऱ्यावर कपाशीची नोंद लागते, म्हणजे ऑगस्टमधला तो तासं मोजण्याचा वाद इथं कामी आला. नोंदणी झाली, कापूस न्यायचा दिवस (स्लॉट) ठरला, आता ओलावा 12 टक्क्यांच्या वर जाऊ नये म्हणून कापूस गच्चीवर पसरला आहे, आणि बाबा रोज विचारतात की रेंजसाठी आता उभं कुठं राहायचं.