एसएमपीएसच्या स्टिकरवरचे 18 अँपिअर

माझा पीसी 2019 साली जोडलेला. रायझन 5 2600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 4 जीबीचं जीटीएक्स 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड आणि 8 जीबी रॅमची एकच स्टिक. अपग्रेडसाठी 25 हजार बाजूला काढले नि नागपूरच्या सीताबर्डीला गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, प्रोसेसर बदलून टाका, जुना झाला."

घरी येऊन गेम लावला आणि बाजूला टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर 50 टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता, कार्ड 99वर. दम कोणाचा निघून राहिला ते दिसतच होतं. मग नवं कार्ड आरएक्स 6600 ठरवलं. 8 जीबी, माझ्या 1080पी मॉनिटरला भरपूर.

खरी गोम पुढेच होती. 1050 टीआय 75 वॉटचं, बोर्डाच्या स्लॉटमधूनच सगळी वीज घेतं. आरएक्स 6600 जातं 132 वॉटवर, वर 8 पिनची वेगळी वायर मागतं. माझ्या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, ती वायरच नाही. दुकानदाराकडे तोडगा तयार: हार्डडिस्कच्या दोन मोठ्या पिना जोडून 8 पिन करणारा कनेक्टर. "चालून जाते ना भाऊ, किती लोकं लावून राहिले."

रात्री कॅबिनेट उघडलं, टॉर्च मारला. स्टिकरवर ठळक 450 वॉट. खाली बारीक अक्षरांत, 12 व्होल्टच्या रकान्यात, 18 अँपिअर. गुणाकार केला: 216 वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्या 12 व्होल्टवरच जगतात. वर आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या पुढे, अन् संध्याकाळी कूलरची मोटर सुरू झाली की ट्यूबलाइट डोळा मारते. नाही म्हटलं. 550 वॉटचा, ब्राँझ दर्जाचा (कमी वीज वाया घालवणारा) एसएमपीएस घेतला, बजेट हजारानं फाटलं.

रॅमची तशीच दुसरी स्टिक जुनी मिळाली. ती लावताना कळलं, 3000च्या वेगाची रॅम इतकी वर्षं 2133वर चालत होती. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, रॅम पूर्ण वेगानं चालवणारं एक्सएमपी मी कधी चालूच केलं नव्हतं! हा गाढवपणा सर्वस्वी माझा.

कॅबिनेट आता कूलरच्या झोतातून हलवलंय. आईला वाटायचं, गार हवा लागली की बरं. ओली हवा असते गं ती, हे तिला अजून पटलेलं नाही. आणि तो कनेक्टर? दुकानदारानं फुकटच पिशवीत टाकला होता. ड्रॉवरमध्ये पडून आहे.